‘आम्ही’ आणि ‘आपण’ : युद्धपीडित सैनिकांचा समूहमानसोपचार आणि मालवणी मुलूख

१

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे प्रचारात आहेत. ऐकणाऱ्यास वगळून बोलावयाचे असता ‘आम्ही’ आणि त्यास सामील करून घ्यावयाचे असता ‘आपण’. हा भेद संस्कृतात नाही, इंग्रजीतही नाही. द्राविड भाषांत तो आहे, शेजारच्या गुजरातीत आहे, आणि मालवणीतही ‘आमी’ व ‘आपण’ ह्या रूपांनी तो जिवंत आहे. युद्धाहून परतलेला शिपाई घरी येऊन ‘आम्ही तिथे होतो’ असे म्हणतो, तेव्हा त्या ‘आम्ही’त त्याची आई नसते, पत्नी नसते, गाव नसतो, जे बरोबर होते व ज्यांतील काही परतले नाहीत, तेच त्यात असतात. हे सर्वनाम त्याच्या दुखण्याचे कारण नव्हे. परंतु दुखणे कोठे अडून राहिले आहे, हे मात्र ते दाखविते.

युद्धाने मनावर केलेल्या आघातावर समूहात उपचार करण्याची पद्धती विसाव्या शतकात उदयास आली. तिचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर असे की, रुग्णाला प्रथम ‘आम्ही’ म्हणता यावे अशी माणसे मिळवून द्यावयाची आणि मग त्या ‘आम्ही’चे ‘आपण’ होईल अशी वाट मोकळी करावयाची. ही पद्धती म्हणजे मुख्यतः भाषेचा व्यवहार होय. तेव्हा कोणत्या भाषेत, कोणापुढे व कोणत्या पुरुषात बोलावयाचे, हा प्रश्न तिच्या बाबतीत गौण ठरत नाही. प्रस्तुत लेखात ह्या पद्धतीचा उदय थोडक्यात पाहून, ज्या प्रदेशातून पिढ्यान्‌पिढ्या शिपाई व खलाशी बाहेर गेले त्या मालवणी मुलखाच्या इतिहासाशी ती ताडून पाहावयाची आहे. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीच्या काळाविषयी लिहिताना जुना रत्नागिरी जिल्हा व सावंतवाडी संस्थान हा मुलूख अभिप्रेत आहे.

२

ह्या विकाराला मिळालेल्या नावांचा इतिहास उद्‌बोधक आहे. १६८८ साली योहानेस होफर ह्या वैद्याने घरापासून दूर राहिलेल्यांच्या, विशेषतः परमुलखातील स्विस लोकांच्या, झुरणीला ‘नॉस्टॅल्जिया’ असे नाव दिले. अमेरिकेतील यादवी युद्धानंतर, १८७१ साली, डा कोस्टा ह्यांनी सैनिकांच्या धडधडणाऱ्या हृदयाचे वर्णन प्रसिद्ध केले. १९१५ च्या फेब्रुवारीत चार्ल्स मायर्स ह्यांच्या ‘लॅन्सेट’मधील लेखामुळे ‘शेल-शॉक’ हा शब्द वैद्यकीय वाङ्मयात आला. तोफगोळ्याच्या स्फोटाने मज्जासंस्थेला बसलेला हादरा असा त्याचा मूळ अर्थ. परंतु ज्यांच्या जवळपास एकही गोळा फुटला नव्हता अशांनाही तीच लक्षणे दिसू लागली, आणि शब्द अपुरा पडला. ब्रिटिश सैन्याने तो वापरण्यास प्रतिबंध केला, १९२२ च्या चौकशी समितीनेही तो टाकून द्यावा असे सुचविले. तरी लोकांच्या तोंडून तो गेला नाही. अखेर १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणाच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’, म्हणजे आघातोत्तर ताणविकृती, ह्या नावाने हा विकार दाखल झाला.

ह्या नाममालिकेत एक नाव महाराष्ट्रातले आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. नाशिकजवळच्या देवळाली येथे १८६१ पासून ब्रिटिश सैन्याची छावणी होती. मुदत संपलेले गोरे शिपाई तेथे मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत दिवस काढीत. उष्मा, रिकामपण, दारू व रोगराई ह्यांनी कित्येकांच्या मनाचा तोल जाई. त्या अवस्थेला त्यांनीच ‘डूलॅली टॅप’ असे नाव पाडले. पहिला शब्द देवळालीचा अपभ्रंश, दुसरा ज्वर ह्या अर्थी आपल्याकडे रूढ असलेला ‘ताप’. एका मराठी गावाचे नाव अशा रीतीने इंग्रजी बोलीत वेड ह्या अर्थाने जाऊन बसले. देवळालीचा ताप हे नाव गोऱ्या शिपायांनी आपसात, आपल्याच अवस्थेला दिलेले होते. त्याच छावणीतून ये-जा करणाऱ्या हिंदी शिपायाच्या अवस्थेला त्याच्या भाषेतले असे सर्वमान्य नाव मिळाले नाही.

मराठीत शब्दांची वाण होती असे मात्र नव्हे. धसका घेणे, हाय खाणे, जिवाला लागणे, झपाटणे, बाधा होणे असे कितीतरी प्रयोग आहेत. त्यांचे व्याकरणही अर्थपूर्ण आहे. ‘मला भीती वाटते’, ‘मला आठवते’, मालवणीत ‘माका झोप येणा नाय’, अशा वाक्यांत सोसणारा माणूस कर्ता नसून चतुर्थीत असतो. भय, आठवण व निद्रानाश ह्या गोष्टी त्याच्याकडे येतात, तो त्या करीत नाही. ‘बाधा’ ह्या शब्दाने तर कारण सर्वस्वी बाहेर जाते आणि माणूस दोषमुक्त होतो. इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या मनात ‘हा भित्रा आहे की आजारी आहे’ असा जो प्रश्न सतत उभा राही, तो ह्या वाक्यरचनेत सहजासहजी उद्‌भवत नाही.

३

समूहात उपचार करण्याची कल्पना युद्धाआधीची आहे. १९०५ साली बॉस्टन येथे जोसेफ प्रॅट ह्या डॉक्टरांनी गरीब क्षयरोग्यांचे वर्ग भरविण्यास प्रारंभ केला. हेतू आरोग्यशिक्षणाचा, पण समदुःखी माणसे एकत्र बसल्याने त्यांना धीर येतो असे त्यांच्या प्रत्ययास आले. पहिल्या महायुद्धात मात्र सैनिकांच्या बाबतीत एकेकट्याशी संभाषण हाच मार्ग प्रतिष्ठित ठरला. एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स ह्यांनी तो अवलंबिला. हेच रिव्हर्स त्यापूर्वी निलगिरीतील तोडा लोकांत राहून गेले होते व १९०६ साली त्यांनी त्यांच्यावर ग्रंथ लिहिला होता. युद्धाच्या आठवणी दडपून ठेवल्याने त्या अधिकच बळावतात, असे प्रतिपादन त्यांनी डिसेंबर १९१७ मध्ये रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनपुढे केले. परंतु क्रेगलॉकहार्ट हे अधिकाऱ्यांचे रुग्णालय होते. डॉक्टर व रुग्ण एकाच वर्गाचे, एकच भाषा बोलणारे. त्यांच्यातील ‘आपण’ आधीच सिद्ध होते.

दुसऱ्या महायुद्धात रुग्णांची संख्या वाढली, डॉक्टर अपुरे पडले, आणि गरजेतून नवी पद्धती जन्मली. बर्मिंगहॅमजवळच्या नॉर्थफील्ड लष्करी रुग्णालयात १९४२ च्या अखेरीस व १९४३ च्या आरंभी विल्फ्रेड बिअन व जॉन रिकमन ह्यांनी एक प्रयोग केला. बिअन ह्यांचा जन्म १८९७ साली मथुरेस झाला होता आणि पहिल्या महायुद्धात ते रणगाडादलात लढले होते. प्रशिक्षण विभागातील शिपायांना त्यांनी गटांत विभागले, रोज ठरावीक वेळी सर्वांनी एकत्र जमून आपल्याच वर्तनाचा विचार करावा असा नियम केला, आणि बेशिस्त ही अधिकाऱ्याने दडपण्याची बाब न मानता सर्वांनी मिळून समजून घेण्याची बाब मानली. सहा आठवड्यांत प्रयोग बंद करण्यात आला. पण २७ नोव्हेंबर १९४३ च्या ‘लॅन्सेट’मध्ये त्याची हकीकत आली आणि त्या लेखाने पुढील विचाराचा पाया घातला. त्यानंतर त्याच रुग्णालयात एस. एच. फूक्स, हॅरल्ड ब्रिजर व टॉम मेन ह्यांनी काम पुढे नेले. ‘उपचारक समाज’ ही संज्ञा मेन ह्यांनी १९४६ साली रूढ केली.

ह्यांपैकी फूक्स ह्यांचा विचार भाषाभ्यासकाला विशेष जवळचा वाटावा. ते जर्मनीतून आलेले निर्वासित. पहिल्या महायुद्धात शत्रुपक्षाच्या सैन्यात दूरध्वनीवर काम केलेले. लक्षण म्हणजे स्वतःशीच पुटपुटणारी, कोणी तरी ऐकावी अशी आशा धरून राहिलेली भाषा होय, आणि उपचार म्हणजे त्या पुटपुटण्याचे सर्वांना समजेल अशा बोलण्यात रूपांतर, अशी त्यांची भूमिका होती. ही भूमिका मान्य केली तर समूहाची भाषा हे उपचाराचे बाह्य साधन राहत नाही. तीच उपचाराची भूमी ठरते.

युद्ध संपल्यावर परतलेल्या ब्रिटिश युद्धकैद्यांसाठी १९४५ पासून वीस पुनर्वसन केंद्रे उघडण्यात आली. त्यांत जाणे ऐच्छिक होते. नॉर्थफील्डच्या अनुभवाचा तेथे प्रत्यक्ष उपयोग झाला. पुढे १९७० च्या अखेरीस न्यूयॉर्क येथे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या व त्या युद्धाला विरोध करणाऱ्या सैनिकांनी स्वतःहून बैठका सुरू केल्या. रॉबर्ट जे लिफ्टन व चेम शाटन हे मनोविकारतज्ज्ञ त्यांच्यात निमंत्रित म्हणून बसू लागले. येथे प्रथमच क्रम उलटला. समूह आधी जमला, डॉक्टर नंतर आला. १९८० मधील नामकरणामागे ह्या बैठकांतून उठलेला आवाज हे एक महत्त्वाचे कारण होते.

४

आता मालवणी मुलखाकडे वळावयाचे. डोंगर आणि समुद्र ह्यांच्यामध्ये अरुंद जमीन, तीही वाटण्यांनी तुकडे झालेली. तेव्हा पलटण, जहाज व मुंबईची गिरणी हे बाहेर पडण्याचे तीन मार्ग येथे रूढ झाले. कोकणी मराठा हा भरतीच्या कागदपत्रांतील मान्य वर्ग होता. रत्नागिरी किनाऱ्यावरील खलाशी, विशेषतः कोकणी मुसलमान, आरमारात जात. महार शिपायांची परंपरा तर कंपनीच्या मुंबई सैन्याइतकी जुनी. १८९० च्या दशकात त्यांची भरती बंद झाली, १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारण्यात आली, ती १९२१ मध्ये मोडली, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंटची पुन्हा उभारणी झाली. मराठा पलटणींचे शिक्षणकेंद्रही १९२२ पासून बेळगावासच. आंबोलीचा घाट चढून गेलेला गावचा मुलगा बेळगावात शिपाई होई व तेथून जगात कोठेही जाई.

पहिल्या महायुद्धात ह्या पलटणींवर आलेला सर्वांत मोठा प्रसंग मेसोपोटेमियातील कुत-अल-अमारा येथील वेढ्याचा. सहाव्या, म्हणजे पूना, डिव्हिजनमध्ये १०३ वी, ११० वी व ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा वेढा चालला. उपासमारीने सैन्य खंगले, घोड्याचे मांस खावे की खाऊ नये ह्या प्रश्नाने हिंदी शिपायांच्या धर्मबुद्धीची कसोटी लागली. अखेर सुमारे १३,००० माणसे शरण गेली. त्यांत बहुसंख्य हिंदी शिपाई व बिनलढाऊ नोकर होते. वाळवंटातून चालत नेलेल्या हिंदी कैद्यांपैकी कित्येकांना रास-अल-ऐन येथे बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपण्यात आले. जे जगले ते युद्धसमाप्तीनंतर परतले. ह्या बंदिवासाची एका सामान्य माणसाने लिहिलेली सविस्तर हकीकत बंगालीत आहे. ती शिशिरप्रसाद सर्वाधिकारी ह्या रुग्णसेवा पथकातील स्वयंसेवकाची ‘अभि ले बगदाद’. तीन मराठा पलटणी तेथे असूनही मराठी वाचकाला ती कहाणी जाणून घेण्यासाठी बंगाली पुस्तकाकडे वळावे लागते, ही वस्तुस्थिती बोलकी आहे.

दुसऱ्या महायुद्धात जून १९४२ मध्ये तोब्रुक पडले तेव्हा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण तेथे कैद झाली. अकराव्या हिंदी ब्रिगेडमध्ये तिच्या बरोबरीने स्कॉटलंडच्या कॅमेरॉन हायलँडर्सची दुसरी पलटणही होती. एकाच ब्रिगेडचे, एकाच पराभवात सापडलेले हे दोन शिपाई. युद्ध संपल्यावर कॅमेरॉन पलटणीतील कैद्यासाठी वर उल्लेखिलेली वीस केंद्रे खुली होती. ती ब्रिटिश सैनिकांसाठी होती. मराठा शिपाई ज्या देशात परतला त्या देशात, १९४६ च्या भोर समितीच्या काळी, सुमारे चाळीस कोटी लोकवस्तीस मनोरुग्णालयांतील खाटा सुमारे १०,००० होत्या. त्याच्या स्वतःच्या जिल्ह्यात रत्नागिरी येथे १८८६ साली स्थापन झालेले वेड्यांचे इस्पितळ होते. पण रात्री दचकून उठणाऱ्या, गप्प बसणाऱ्या, घरच्यांवर खेकसणाऱ्या पेन्शनराला त्या इस्पितळात नेण्याचा विचार कोणतेही घर सहजी करीत नसे. इस्पितळ वेड्यांसाठी होते आणि हा माणूस वेडा नव्हता.

५

ह्या शिपायांचे बोलणे कागदावर उतरलेच नाही असे नाही. उतरले, परंतु ज्यांच्यापुढे उतरले त्यांच्याशी ‘आपण’ म्हणण्याचा संबंध नव्हता. फ्रान्सच्या आघाडीवरून हिंदी शिपायांनी पाठविलेली पत्रे १९१४ च्या अखेरीपासून सरकारी तपासनीसाकडून जात; त्यांतील निवडक उतारे इंग्रजीत भाषांतरित होऊन टिकले, मूळ पत्रे बहुतांशी टिकली नाहीत. पत्र बहुधा लेखनिकाला सांगितलेले, घरी दुसऱ्याने मोठ्याने वाचून दाखवावयाचे. जे आईला सर्वांदेखत सांगता येईल तेवढेच त्यात यावयाचे. पलटणीतील हुकमाची व व्यवहाराची भाषा हिंदुस्तानी, तीही रोमन लिपीत लिहिलेली; डॉक्टरांच्या टिपणाची भाषा इंग्रजी. मालवणीतले दुःख दोन वेळा भाषा बदलून नोंदीत जाई, आणि त्या प्रवासात चतुर्थीतला माणूस प्रथमेत येऊन बसे. ‘मला सांगवत नाही’ ह्या वाक्यातील शक्य क्रियापदात असमर्थता आहे, नकार नाही. ते भाषांतरात ‘तो सांगत नाही’ असे झाले की आजाराचा हट्ट होतो.

हट्टाचा व ढोंगाचा संशय तर होताच. हिंदी शिपाई हातावर स्वतः गोळी मारून घेतात, अशी वदंता पसरल्यावर ब्रायटन येथील किचनर इंडियन हॉस्पिटलचे प्रमुख कर्नल ब्रूस सीटन ह्यांनी १९१५ साली १,००० जखमांची तपासणी केली आणि त्या वदंतेला पुरावा नाही असा निष्कर्ष काढला. शिपायाच्या बाजूने निघालेला तो निष्कर्ष आदरास पात्र आहे. तथापि शिपायाला काय झाले आहे, हे शोधण्यासाठी तेथे त्याच्या जखमा मोजल्या गेल्या. त्याचे म्हणणे हा पुरावा नव्हता.

भाषाशास्त्राच्या पदरीही ह्या बाबतीत एक उणीव येते. जर्मनीतील व्युन्सडॉर्फ येथील कैदी छावणीत प्रशियाच्या ध्वनिमुद्रण आयोगाने युद्धकैद्यांच्या भाषांचे नमुने मुद्रित केले. ११ डिसेंबर १९१६ रोजी मल्लसिंग ह्या पंजाबी शिपायाचा आवाज असाच मुद्रित झाला. एक माणूस होता, तो हिंदुस्थानात लोणी खात असे, मग तो युद्धात आला, जर्मनांच्या हाती सापडला, आता त्याला घरी जावयाचे आहे, अशा आशयाची ती लहानशी कथा तृतीयपुरुषात आहे. तो माणूस म्हणजे बोलणारा स्वतःच, हे ऐकणाऱ्यास उघड आहे. आयोगाला उच्चार हवे होते व ते मिळाले. शिपायाने स्वतःला ‘तो’ का म्हटले, हा प्रश्न त्या तबकडीसाठी महत्त्वाचा नव्हता. आवाज जपला गेला. त्याला उत्तर देणारा कोणी तेथे नव्हता.

६

मग परतलेल्या माणसाला गावात काय मिळाले? येथे मालवणी मुलखातील गाऱ्हाण्याचा विचार करणे अगत्याचे आहे. जत्रेला, शिमग्याला, नवस बोलताना किंवा फेडताना गावकर, पुजारी अथवा घाडी देवापुढे उभा राहून गाऱ्हाणे घालतो. गावातील देवस्थानांची व पूर्वसत्तेची आठवण करतो, संकट सांगतो, कळत-नकळत घडलेल्या चुकीची क्षमा मागतो, आणि प्रत्येक खंडाच्या शेवटी जमलेले सर्वजण ‘व्हय म्हाराजा’ असा होकार देतात. मुलगा पलटणीत गेला म्हणजे त्याच्यासाठी गाऱ्हाणे, सुखरूप आला म्हणजे पुन्हा गाऱ्हाणे. एकाचे संकट सर्वांच्या तोंडून मान्य करून घेणारी ही वाग्‌व्यवस्था आहे, आणि तिचा आधार कमी लेखण्याचे कारण नाही.

तथापि गाऱ्हाणे म्हणजे समूहमानसोपचार, असे समीकरण मांडणे चुकीचे होईल. एक तर गाऱ्हाण्यात पीडित स्वतः बोलत नाही. त्याच्या वतीने दुसरा बोलतो व त्याचा उल्लेख तृतीयपुरुषात होतो. दुसरे असे की, ते वरच्या सत्तेला उद्देशून असते. मराठीत दुःख औपचारिकपणे मांडण्याचे जे शब्द आहेत ते पाहता हाच कल दिसतो: गाऱ्हाणे देवाकडे, कैफियत अधिकाऱ्याकडे, फिर्याद न्यायासनाकडे, अर्ज सरकारकडे. बरोबरीच्या माणसाकडे दुःख मांडण्यास ‘मन मोकळे करणे’ किंवा ‘सुखदुःख बोलणे’ असे घरगुती प्रयोग आहेत. त्या कृतीस मान्य स्थळ, वेळ व नाव असलेली संस्था मात्र त्यांतून निर्माण झाली नाही. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गाऱ्हाण्याच्या वेळी कोणी कोठे उभे राहावयाचे, हे मानपानाने व जातीने ठरलेले असे. त्या ‘व्हय म्हाराजा’त सर्व शिपाई सारखेच सामील नव्हते. मेसोपोटेमियाहून परतलेला मराठा शिपाई व आघाडीवरून परतलेला महार शिपाई ह्यांनी एकाच सरकारसाठी जीव धोक्यात घातला असेल, पण गावच्या देवळापुढे त्यांचे ‘आपण’ होत नव्हते.

कोकणातील माजी सैनिकांनी एकत्र येऊन बोलण्याचे एक थोर उदाहरण ह्याच वंचित बाजूचे आहे. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे १८८६ साली सैन्यातून निवृत्त झाले व दापोलीच्या पेन्शनरांच्या वस्तीत राहिले. तेथे त्यांनी अनार्य दोषपरिहारक मंडळी स्थापिली आणि १८९० च्या दशकात, महारांची भरती बंद झाल्यावर, सरकारकडे अर्ज सिद्ध केला. सैनिक म्हणून केलेल्या सेवेची आठवण देऊन समूहाने ‘आम्ही’ म्हणून बोलण्याचा हा प्रसंग होय. त्याचा विषय मनाचा आघात हा नव्हता, मनुष्यत्वाचा हक्क हा होता. आणि तोही अर्जाच्या रूपाने वरच्या सत्तेकडेच गेला. परंतु माजी सैनिकांची वस्ती, त्यांची बैठक आणि त्यांची स्वतःची भाषा ह्या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय घडू शकते, हे त्यावरून दिसते.

महाराष्ट्रातील अनेक गावांत पहिल्या महायुद्धानंतर बसविलेल्या संगमरवरी पाट्या आहेत. ह्या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असे त्यांवर कोरलेले असते. गेलेल्यांतून मृतांची वजाबाकी केली की उरतात ते परतलेले. त्यांची संख्या वाचकाने मनात काढावयाची असते. पाटी ती सांगत नाही.

७

आज ह्या विषयाकडे पाहताना दोन टोके टाळावयास हवीत. समूहोपचार हा रामबाण नव्हे. अमेरिकेत व्हिएतनाममधील ३६० माजी सैनिकांवर झालेल्या व २००३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या तुलनात्मक अभ्यासात, समूहात आघाताच्या आठवणी उकलणारी पद्धती व केवळ वर्तमानातील अडचणींविषयी बोलणारी पद्धती ह्यांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. एकेकट्या रुग्णावर केलेले आघातकेंद्री उपचार आजच्या मार्गदर्शक तत्त्वांत अधिक प्रभावी मानले जातात. आघातानंतर लगेच सर्वांना एकदाच बसवून सर्व काही बोलावयास लावणे निष्फळ, प्रसंगी अपायकारकही ठरले आहे. ‘सांगवत नाही’ म्हणणाऱ्यास सांगावयास भाग पाडणे हा उपचार नव्हे. परंतु २००३ च्या अभ्यासाचा दुसराही अर्थ विचारात घेण्याजोगा आहे. रणभूमीवरील प्रसंग शब्दशः उकलला नाही तरी समूह निरर्थक होत नाही. एकाकीपणा मोडणे, हे त्याचे स्वतंत्र कार्य आहे.

दुसरे टोक असे की, आपल्या भाषेत व समाजात असे बोलणे शक्यच नाही असे समजणे. त्याला उत्तर मराठीतच मिळाले आहे. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व तशा इतर गटांत मराठी माणसे बरोबरीच्या माणसांपुढे प्रथमपुरुषी एकवचनात आपली हकीकत सांगत आली आहेत. ह्या कृतीस त्यांनी ‘शेअरिंग’ हा इंग्रजी शब्द घेतला. गाऱ्हाणे, कैफियत, फिर्याद हे शब्द असताना परका शब्द घ्यावा लागला, ह्याचे कारण वर आले आहे. हे जुने शब्द वर पाहणारे होते. समोर पाहणारा शब्द हवा होता. भाषेने गरज ओळखली व उसनवारी केली, ह्यात खेद मानण्यासारखे काही नाही.

सिंधुदुर्गातील माजी सैनिकांच्या बाबतीत ह्यातून काही निष्कर्ष निघतात. गट लहान असावा. फूक्सच्या परंपरेत सात-आठ माणसे पुरेशी मानली जातात. बोलणे मालवणीत चालावे, कारण ग्रिअर्सनच्या भाषापाहणीने कुडाळी म्हणून नोंदलेली ही बोली घरची आहे. पलटणीत शिकलेली हिंदी ही हुकमाची भाषा, आणि तीत बोलताना माणूस पुन्हा सावधान स्थितीत उभा राहतो. प्रश्नावली इंग्रजीवरून उलथवून न घेता ‘आठवते’, ‘वाटते’, ‘जाववत नाही’, ‘पाहवत नाही’ ह्या क्रियापदांवर ती उभारावी. गटाचा एक चालक तज्ज्ञ असावा, पण दुसरा पलटणीत राहून आलेला असावा. बैठकीची जागा अशी असावी की जेथे कोणाच्याही उभे राहण्याच्या जागेला मान चिकटलेला नाही. आणि काही काळानंतर पत्नींना व घरच्यांना त्या बैठकीत स्थान मिळावे. शिपायाचे ‘आम्ही’ हे त्याचे आश्रयस्थान आहे, तसेच ते त्याच्या घरापुढचे बंद दारही आहे. आश्रय न मोडता दार उघडणे, एवढेच ह्या उपचाराचे काम.

कुतच्या वेढ्यातून परतलेली पिढी गेली, तोब्रुकचे कैदीही गेले. त्यांना कोणी विचारले असते तर त्यांनी काय सांगितले असते, हे आता कळणे नाही. त्यांच्यानंतरही ह्या मुलखातून शिपाई जात राहिले आहेत, आणि परतूनही येत आहेत. त्यांना त्यांच्या बोलीत विचारणे अद्याप शक्य आहे.